तिकिटाच्या पाठीवरचे पाच रुपये

ही वही कुणाच्या हाती पडलीच तर आधीच सांगते, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर पेन हातात धरला तो रेशनच्या दुकानात नाहीतर बचत गटाच्या वहीत सही करायला. माझी ओळ सरळ जात नाही, उजवीकडे जाता जाता खाली उतरते. अक्षरही धड नाही, काना शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटतो. ही रेश्माच्या कॉलेजच्या वहीतली मागची कोरी पानं आहेत. तिचं लग्न झालं, ती गेली, पानं राहिली. बोलायला मला कधी जमलं नाही, म्हणून लिहून बघते.

उसाचा हंगाम पुन्हा सुरू झाला आहे. हंगाम आला की आमच्या रस्त्याचा वासच बदलतो. फडातलं पाचट जाळल्याचा वास, ट्रॅक्टरचा धूर आणि टायरखाली चिरडलेल्या उसाचा आंबूस गोडवा, तिन्ही मिसळून बसच्या खिडकीतून आत येतात. दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यावर काजळी उतरते आणि झटकायला गेलं की जास्तच पसरते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून डुलत चाललेला असतो, त्याच्यामागे आमची गाडी. ओलांडायला जागा नसते. ट्रॉलीतल्या उसाचे शेंडे गाडीच्या काचेला घासत राहतात. सोलापूर पंचवीस किलोमीटर, पण या दिवसांत ते चाळीसासारखं वाटतं.

गाडीला उशीर व्हायला लागला की गावाच्या ग्रुपवर लोक रागानं लिहायला लागतात. काल कुणीतरी पुन्हा तो फोटो टाकला. सतरंजीवर ओळीनं पालथी मांडलेली तिकिटं, प्रत्येकाच्या पाठीवर निळ्या पेनानं लिहिलेला पाचाचा आकडा आणि त्याभोवती गोल. खाली कुणीतरी लिहिलंय, "यांचं असंच चालतं." तीन वर्षं झाली. दर हंगामाला तो फोटो कुठूनतरी वर येतो. आता त्याच्याबरोबर कुणाचं नाव येत नाही. ती तिकिटं कुणाची, सतरंजी कुणाची, हे नव्या लोकांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. सतरंजीचा तो उसवलेला काठ मी अजून शिवलेला नाही.

तेव्हा मी भवानी पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात कामाला होते. टॉवेलच्या कडा शिवायच्या, सुटे धागे कापायचे, बारा-बारांचे गठ्ठे बांधायचे. केसांत, भुवयांत, डब्यातल्या भाकरीवरसुद्धा सुताचा भुसा बसायचा. साडेनऊला हजेरी बंद व्हायची आणि त्यानंतर येणाऱ्या बाईचा अर्धा दिवस कापला जायचा. त्यामुळे सकाळची गाडी आमचा जीव होती. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता. तिसाचे पंधरा झाले. पण पंधरा रुपये सुटे रोज कुणाकडे असतात? शनिवारी पगार व्हायचा तो नोटांत. सगळ्या बायका विसाची नोट पुढे करायच्या आणि कंडक्टरच्या पिशवीतली पाचाची नाणी पहिल्या दोन थांब्यांतच संपायची.

आमच्या गाडीचे कंडक्टर खंडागळे मास्तर. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. पन्नाशीचा माणूस, आवाज बसलेला, कानाला मफलर. आमच्या भागात अर्धे लोक कानडी बोलणारे, म्हणून दारातून ते दोन्ही भाषांत ओरडायचे, "मुंद होगरी, पुढं सरका, पुढं लई जागा हाय." पुढे मुळीच जागा नसायची. सुटे नसले की तिकीट उलटं करून त्याच्या पाठीवर ते पाच लिहायचे, गोल करायचे आणि म्हणायचे, "उतरताना घ्या." ही रीत काही त्यांनी काढलेली नव्हती. मी लहान असल्यापासून कंडक्टर असंच करत आलेत. तिकिटाची पाठ म्हणजे कंडक्टरचा शब्द. उतरताना ते तिकीट दाखवायचं, पैसे घ्यायचे, झालं.

दाखवायचं, एवढंच तर होतं. पण स्टँडवर गाडी लागली की दारात मास्तरांभोवती मोहोळ उठायचं. हात वर, तिकिटं वर, "मास्तर माझे, मास्तर माझे." मला त्यात शिरता यायचं नाही. पाच रुपयांसाठी परक्या माणसापुढे हात लांब करायचा, चारचौघांत आवाज चढवायचा, या विचारानंच मी मागे सरायची. वर साडेनऊची हजेरी. मी कडेकडेनं खाली उतरायची आणि चालायला लागायची. तिकीट मात्र टाकायची नाही. लिहिलेला कागद टाकायला माझा हात होत नाही, शाळेपासूनची सवय आहे. पदराला गाठ मारून तिकीट घरी यायचं आणि बिस्किटाच्या डब्यात पडायचं.

माझ्या शेजारच्या शिलाई मशीनवर काम करणारी गंगव्वा त्याच गाडीला असायची. तिला कशाचीच भीड नव्हती. एकदा भरल्या गाडीत तिनं विचारलं, "काय मास्तर, आमचे पाच-पाच रुपये साठवून माडी बांधायलाय व्हय?"

मास्तर तिकीट फाडता फाडता म्हणाले, "बांधतोय की गंगव्वा. वरचा मजला तुमच्या नावानं."

"वरचा नको बाई, पत्रा तापतो. खालचाच द्या."

सगळी गाडी हसली. मीही पदराआड हसले. पुढच्या थांब्याजवळ उसाची बैलगाडी आडवी होती आणि सगळं थांबलं होतं. मास्तरांनी खिडकीतून हात घालून एक ऊस ओढला, गुडघ्यावर मोडला आणि कांड्या मुलांना वाटल्या. एक माझ्या मांडीवर ठेवली. "घ्या मावशी, गाडी काय आता लवकर हलत न्हाय." ते माझ्यापेक्षा वयानं मोठे, तरी मला मावशीच म्हणायचे.

आणि हे लिहायचं म्हणूनच मी वही काढली आहे. मास्तर माझे पैसे द्यायचे. रोज नाही, पण द्यायचे. मी मागत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. सकाळी मी चढले की कधी कधी आठवणीनं म्हणायचे, "मावशी, कालचे पाच." संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी थंडी मी म्हणत होती. बोटं आखडलेली. त्यांनी माझ्या हातावर एक विसाची नोट आणि वर एक पाचाचं नाणं ठेवलं. "पाच दिवसांचे झाले बघा. चुकलं असलं तर सांगा." मी मान खाली घालून पैसे मुठीत धरले. चुकलेलं नव्हतं. पण त्या पाच दिवसांची तिकिटं घरी डब्यात होती, ती तशीच राहिली. पैसे परत दिलेल्या तिकिटावर कंडक्टर काट मारतो नाहीतर ते फाडून टाकतो. माझ्या तिकिटांवर काट नव्हती, कारण मी ती कधी पुढे केलीच नाहीत.

रेश्मा तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. फोनवरून तक्रार कशी करायची हे गावात तिनंच पहिल्यांदा करून दाखवलं. कॉलेजच्या थांब्यावर गाडी थांबत नव्हती, तिनं फोटो काढून फोनवर टाकला, आणि आठवड्यात गाडी थांबायला लागली. निवाऱ्याचा पत्रा उडाला होता, तो तिच्यामुळे बसला. गावातल्या म्हाताऱ्या तिला बोलवून सांगायच्या, "ए पोरी, आमच्या गाडीची काच फुटली म्हणून लिव्ह की." मला तिचा अभिमान वाटायचा. अजून वाटतो. घरी बसून, कुणापुढे उभं न राहता, आवाज न चढवता आपलं म्हणणं सांगता येतं, हे माझ्यासारखीला स्वप्नासारखं होतं. म्हणून त्या फोनला दोष देताना माझा पेन अडतो.

एका रविवारी तिला कसलीतरी सुई हवी होती आणि तिनं बिस्किटाचा डबा उघडला. तिकिटांची शाई उडून गेलेली होती. मशीनमधून निघालेलं तिकीट महिन्याभरात कोरं पडतं, तारीख नाही, गाव नाही. पेनानं लिहिलेलं तेवढं टिकतं. तिनं ती सतरंजीवर मांडून मोजली. तेहतीस.

"आई, हे सगळे पाच-पाच रुपये तुझे राहिलेत?"

मी भाकरी थापत होते. म्हणाले, "उतरताना लई गर्दी असती गं."

एवढंच म्हणाले. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण पूर्ण सांगायचं म्हणजे काही मिळाले, काही राहिले, किती मिळाले ते नेमकं आठवत नाही, आणि राहिले ते मी मागितले नाहीत म्हणून. मग ती म्हणाली असती, का नाही मागितलेस?

"तुला बोलता येत नाही म्हणून लोक तुला असं करतात," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. माझ्यासाठी कुणाचे डोळे असे भरलेले मी फार वेळा पाहिले नव्हते. तव्यावरची भाकरी करपली, ती उलटायचं मला सुधरलं नाही. तोवर तिनं तिकिटांचा फोटो काढून फोनवर टाकला होता. गाडीचा नंबर, सुटायची वेळ, आणि खाली लिहिलं, माझी आई रोज कष्टाला जाते, तिचे एकशे पासष्ट रुपये कंडक्टरनं ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी ती मला लोकांचं लिहिलेलं वाचून दाखवत होती. ताई बरोबर केलंत. अशांना घरी बसवा. माझेही दोन रुपये राहिलेत. लुटारू आहेत सगळे. ज्यांनी आमची गाडी कधी पाहिली नाही अशा लांबच्या गावांचे लोकही होते त्यात. मी ऐकत होते आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. इतकी माणसं माझ्या बाजूनं बोलतायत, मला मावशी, ताई, माउली म्हणतायत. आयुष्यात पहिल्यांदाच. त्या दोन दिवसांत मी तोंड उघडलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण ते दोन दिवस मला गोड लागले.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुमची तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे. सोबत लांबलचक नंबर. रेश्मानं तो कॅलेंडरच्या कडेला लिहून ठेवला. आठ दिवसांनी गाडीला नवा कंडक्टर आला. खंडागळे मास्तरांना डेपोत बसवून ठेवलंय, चौकशी लागलीय, असं ड्रायव्हर पुढच्या बाकावरच्या माणसाला सांगत होता. "रिटायरला चार वरसं राहिली बिचाऱ्याची. एवढ्या वरसांत एक डाग न्हवता."

मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर फड तोडला जात होता. तोडलेल्या फडात बुडखे उभे राहतात, आणि मध्येच बगळे.

गंगव्वानं त्या दिवशी मशीन थांबवून मला विचारलं, "तुझ्या पोरीनं टाकलं म्हणं ते?"

मी धागा ओवत राहिले.

"तुला दिले न्हवते व्हय त्यांनी? संक्रांतीला माझ्यादेखत दिलेत की."

"तिला म्हाईत न्हवतं," मी म्हणाले.

"तिला न्हवतं. तुला व्हतं की." एवढं बोलून तिनं मशीन चालू केलं. पुढे कित्येक दिवस ती गाडीत माझ्या शेजारी बसली नाही.

नवा कंडक्टर वाईट नव्हता. त्याला सांगून पाठवलं होतं, तिकिटाच्या पाठीवर काही लिहायचं नाही, लिहिलं की तो पुरावा होतो. म्हणून तो एकच वाक्य बोलायचा, "सुट्टे असले तर बसा." आठवतं ते एका ऊसतोड बाईचं. फडाशेजारच्या कोप्यांवरून, तोडणीवाल्यांच्या झोपड्यांवरून, ती चढली, कडेवर तापानं लाल झालेलं मूल, हातात शंभराची नोट. दवाखान्यात चालली होती. त्यानं गाडीत दोनदा विचारलं, कुणाकडे सुटे आहेत का. नव्हते. ती खाली उतरली, सवय असल्यासारखी. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या धुळीत ती दिसेनाशी झाली. खंडागळे मास्तरांनी तिकिटाच्या पाठीवर पंच्याऐंशी लिहिलं असतं आणि तिला बसवून घेतलं असतं. परक्या मुलखातली ती बाई त्या निळ्या आकड्यावर विश्वास ठेवून बसलीही असती. माझ्या तेहतीस तिकिटांनी ती रीत बंद केली. आता मशीनवर ठिपक्यांचं चौकोनी चित्र असतं. फोन दाखवला की पैसे जातात, कुणाचं कुणाकडे काही राहत नाही. सोयीचं आहे. फक्त कंडक्टर आता कुणाकडे बघत नाही, चित्र पुढे करतो.

मास्तरांची पुढे टेंभुर्णीकडे कुठेतरी बदली झाली. कुटुंब इकडे, ते तिकडे. त्यांच्या पगारातून किती कापलं, वाढ रोखली की नाही, मला कळलं नाही, विचारायची हिंमतही नव्हती. रेश्मानं लग्नाआधी आपण टाकलेला फोटो पुसला. "आई, मी पुसलाय तो," म्हणाली. पण लोकांनी तो आधीच आपापल्या फोनमध्ये घेतला होता. काल तिचा फोन आला होता. "पुन्हा फिरतोय म्हणे तो. बघितलास?" मी म्हणाले, बघितला. ती म्हणाली, "मला तेव्हा नीट सांगायला हवं होतंस गं." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

सांगायला निघाले होते मी. तेच शेवटचं लिहायचं आहे.

त्याच हंगामात डेपोच्या ऑफिसातून बोलावणं आलं, तक्रारदारानं समक्ष यावं. आदल्या दिवशी दुपारी मी रेश्माला सगळं सांगितलं. ती पांढरी पडली. म्हणाली, "आई, आता असं म्हणालीस तर मी खोटी पडेन. शेकडो लोकांनी वाचलंय ते, माझं नाव आहे खाली. कॉलेजात काय तोंड दाखवू?" आणि थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "तुला जे वाटतं ते सांग."

गाडीत पंचवीस किलोमीटर मी एकच वाक्य घोकत होते. साहेब, यातले बरेच पैसे मास्तरांनी दिलेत. साहेब, यातले बरेच पैसे मास्तरांनी दिलेत. सात तिकिटांचे राहिले असतील, फार तर आठांचे. बाहेर ट्रॅक्टरवरची गाणी, काचेला घासणारे शेंडे, आणि माझ्या जिभेवर ते वाक्य, पाठ झालेलं.

ऑफिसात टेबलावर तो फोटो कागदावर छापून ठेवलेला होता. साहेब तरुण होते, अदबीनं बोलले, आम्हाला बसायला सांगितलं. खंडागळे मास्तर भिंतीशी उभे होते. अंगावर वर्दी होती, पण खांद्याला पिशवी नव्हती, त्यामुळे एक खांदा उगीचच खाली गेल्यासारखा दिसत होता. साहेब म्हणाले, "ताई, यांचं म्हणणं आहे, बहुतेक पैसे दिलेत. पण दिल्याचा पुरावा नाही. रक्कम परत केली तर प्रकरण इथेच मिटवता येईल. तुमचं काय म्हणणं?"

मी तोंड उघडलं. रेश्माचा हात माझ्या हाताला लागून होता, गार पडलेला. मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी वाट बघितली, हे मी शपथेवर सांगते. गाडी सुटायची असताना धावत येणाऱ्या माणसासाठी घंटीची दोरी ओढायची थांबतात तशी. मग त्यांनी नजर काढून घेतली.

"देतो साहेब," ते म्हणाले. "मावशी कष्टाची बाई हाय. माझंच लिहिण्यात चुकलं असंल."

त्यांनी खिशातून रुमालाची गाठ काढून टेबलावर सोडली. पाचाची नाणी होती. अख्ख्या हंगामात जी कुठे मिळत नव्हती ती कुठून कुठून गोळा केली असतील कोण जाणे. पाच-पाचांचे सहा थर लावले आणि वर तीन सुटी ठेवली. तेहतीस. साहेबांनी नाणी माझ्याकडे सरकवली.

"मोजून घ्या, मावशी," मास्तर म्हणाले.

"सगळे आले?" साहेबांनी विचारलं.

"आले," मी म्हणाले. आवाज स्पष्ट निघाला, अडखळला नाही. त्या सबंध हंगामात त्या माणसासमोर मी मोठ्यानं बोललेला तो एकच शब्द.